मोडलेला हेडस्टॉक: जोड कुठे धरतो, कुठे सुटतो

गिटार स्टँडवरून मागे पडते, आणि उचलून पाहावं तर हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसवलेलं टोक, पुढे झुकलेला, तारा लोंबत असलेल्या. नटच्या, म्हणजे तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्या, जरा मागे, जिथे नेक (गिटारची मान) संपून हेडस्टॉक सुरू होतो, नेमकं तिथलं लाकूड फाटलेलं. कॉलेजांच्या गॅदरिंगचे दिवस आले की नागपुरात अशा गिटारी दुरुस्तीला येऊ लागतात, आणि घेऊन येणारा मुलगा पहिला प्रश्न विचारतो तो हाच: ‘काका, जमेल का, की गेली ही?’

बहुतेक वेळा जमतं. नीट जोडलेला हेडस्टॉक पुढे वर्षानुवर्षं तारांचा पूर्ण ताण सोसतो, आणि गिटारच्या आवाजात कानाला जाणवेल असा फरक पडत नाही. मात्र दुरुस्ती कितपत चांगली होणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, लाकूड कसं फाटलं आहे. दुसरी, कारागिराच्या हातात येण्याआधी त्या फटीत कोणी काय ओतलं आहे. पहिली गोष्ट कोणाच्याच हातात नसते. दुसरी पूर्णपणे मालकाच्या हातात असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिलं काम तारा ढिल्या करण्याचं. बारा गेजच्या (सर्वांत बारीक तार 0.012 इंच जाडीची) तारा लावलेल्या अकॉस्टिक गिटारवर सहा तारांचा मिळून सत्तर किलोहून अधिक ताण असतो. दहा गेजच्या इलेक्ट्रिकवर तो पंचेचाळीस किलोच्या आसपास, नायलॉन तारांच्या क्लासिकलवर चाळीसच्या. हा सगळा ताण हेडस्टॉकला पुढे, घोडीच्या दिशेने ओढत असतो. त्यामुळे फट मागच्या बाजूने उघडते आणि उघडीच राहते. लाकूड अर्धवट धरून असेल तर हा ताण उरलेले तंतूही हळूहळू फाडत नेतो. रात्री नुसती चीर दिसत होती आणि सकाळी तुकडा हातात आला, असं होतं ते यामुळेच. एकेक तार पूर्ण न सोडता सगळ्या थोड्याथोड्या करत सैल करत जा, आणि मग काढून टाका.

त्यानंतर हात आवरणं हेच मोठं काम. तुकडा हलवून पाहू नका, दाबून बसतो का याची परीक्षा पुन्हा पुन्हा घेऊ नका. फाटलेल्या लाकडाच्या कडेला बारीक काटे उभे असतात, आणि दोन्ही बाजूंचे हे काटे एकमेकांत घट्ट बसले तरच जोड मजबूत होतो. दरवेळी हलवल्यावर त्यातले काही वाकतात, काही तुटतात. अनेक गिटारींत हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला काळ्या पातळ लाकडाचा थर चिकटवलेला असतो. पुष्कळदा तो शाबूत राहतो आणि तुकडा त्यावरच अडकून असतो. तो थर तोडू नका, त्याच्यामुळे तुकडा आपल्या मूळ जागेवर बसवणं फार सोपं जातं. जमिनीवर पडलेल्या ढलप्या, अगदी तांदळाएवढ्या असल्या तरी, एका पाकिटात घालून ठेवा. फाटलेल्या भागाला बोटं लावू नका, हाताचं तेल गोंदाला लाकडापासून दूर ठेवतं. आणि पॉलिशवर थेट चिकटपट्टी लावू नका. जुन्या गिटारीचं पॉलिश तिच्याबरोबर सोलून निघतं.

फेविक्विक मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. ते का, हे समजायला आधी लाकूड तिथेच का मोडतं ते पाहावं लागेल.

लाकूड नेमकं तिथेच का फाटतं

लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात. चुलीसाठी ओंडका उभा धरून फोडला तर एका घावात दोन फाळके होतात, तोच आडवा तोडायचा तर घाम निघतो. गिटारच्या नेकमध्ये तंतू नेकच्या लांबीने ठेवलेले असतात, म्हणून नेक सहसा मधे मोडत नाही. अडचण हेडस्टॉकपाशी येते. अनेक गिटारींचा हेडस्टॉक नेकच्या सरळ रेषेत नसून मागे कललेला असतो, म्हणजे तारा नटवर चांगल्या दाबून बसतात. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये हा कल परंपरेने 17 अंशांचा. नेक आणि हेडस्टॉक एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापलेले असले, तर तंतू सरळ राहतात आणि हेडस्टॉक त्यांच्यापासून वळून निघून जातो.

याचा अर्थ आकड्यात पाहा. हेडस्टॉकची जाडी साधारण 15 मिलिमीटर धरली, तर 17 अंशांच्या कलात एकेक तंतू जेमतेम 5 सेंटिमीटर लांबीचा राहतो. हेडस्टॉक स्वतः त्याच्या तिपटीहून लांब, पण त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू आत नाही. सगळे तिरपे, आखूड. फाटायला लाकडाला आयती वाट मिळते.

त्यात भर ट्रस रॉडची. नेक तारांच्या ताणाने वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते. ती कसायचं लोखंडी नट फिरवायची जागा अनेक गिटारींत तारांखालच्या नटच्या अगदी मागे, हेडस्टॉकवर, छोट्या झाकणाखाली असते. त्यासाठी तिथलं लाकूड कोरून काढावं लागतं. म्हणजे ज्या जागी तंतू सर्वांत आखूड, त्याच जागी लाकूड सर्वांत कमी. वर सहा खुंट्यांच्या मशीनचं वजन टोकाला लटकलेलं. गिटार मागे पडली, टोक जमिनीवर आपटलं किंवा धड थांबलं आणि टोक पुढे जात राहिलं, की तो झटका नेमका तिथे येऊन उतरतो. केसमध्ये बंद असलेली गिटारही नुसत्या आपटण्याने अशी मोडते, हेडस्टॉकला काही लागलेलंच नसताना.

गिटार बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. गिब्सनने 1960 च्या दशकाच्या मध्यात कल 14 अंशांवर आणला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस नटमागे लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली. त्याला व्हॉल्यूट म्हणतात. पुढे 1980 च्या सुमारास तो काढूनही टाकला, कारण वाजवणाऱ्यांना जुना आकार हवा होता. फेंडरची वाट वेगळी: हेडस्टॉक नेकच्याच रेषेत, सपाट, मॅपलचा. तिथे तंतू मुळी कापलेच जात नाहीत, आणि म्हणून या गिटारी क्वचितच अशा मोडतात. तिसरा मार्ग तिरप्या सांध्याचा. हेडस्टॉक वेगळा कापून तिरप्या कापावर नेकला चिकटवायचा, म्हणजे कल राहतो आणि तंतूही हेडस्टॉकच्या लांबीने धावतात. बऱ्याच स्वस्त अकॉस्टिक गिटारी आणि क्लासिकल गिटारी अशाच बनतात. मागून नीट पाहिलं तर नेकवर सांध्याची तिरपी रेघ दिसते. ती पाहून ‘आधीच मोडलेली विकली’ असं वाटून लोक घाबरतात, पण ती मजबुतीची खूण आहे.

मोड वाचायची कशी

दुरुस्तीचा अंदाज फटीच्या लांबीवरून येतो. नटपाशी नेकची रुंदी साधारण 43 मिलिमीटर असते. लाकूड जवळजवळ सरळ आडवं तुटलं, तर चिकटायला मिळणारी जागा साडेसहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास, आणि तीही तंतूंच्या टोकांची. टोकांवर गोंद नीट धरत नाही, कारण तंतू म्हणजे उघड्या नळ्या आणि त्या गोंद आत शोषून घेतात. तेच लाकूड 6 सेंटिमीटर लांबीच्या तिरप्या फटीने गेलं असेल, तर चिकटायला जवळपास 26 चौरस सेंटिमीटर मिळतात, आणि तंतूंच्या अंगालाही बरीच जागा मिळते. मागून पाहिल्यावर भीषण दिसणारी लांबलचक फट म्हणूनच चांगली बातमी असते. छोटी, नीटस, सरळ तुटलेली मोड जास्त चिंतेची.

दुसरी तपासणी कोरडी जोडणी. गोंदाशिवाय तुकडा जागेवर ठेवून हळूच दाबला तर फट पूर्ण मिटते का? पॉलिशच्या कडा एकमेकींना भिडतात का? भिडल्या तर निम्मी लढाई जिंकली. नाही भिडल्या तर आत एखादा वाकलेला काटा, ढलपी किंवा जुना गोंद अडलेला आहे. तो शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

गोंद

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक गिटारी मोडीने कमी आणि गोंदाने जास्त वाया जातात.

फर्निचरवर भार येतो आणि जातो. खुर्चीवर माणूस बसतो, उठतो. गिटारवर तारा चढल्या की ताण दिवसरात्र, बारा महिने असतो. उत्तम सुतारकाम जाणणारा माणूसही म्हणून कधी कधी इथे चुकतो. त्याचा अनुभव वेगळ्या भाराचा असतो. सतत ओढ असली की काही गोंद तुटत नाहीत, पण सरकतात. रोज केसाएवढे, दिसणारही नाही इतके.

नेहमीचा पांढरा फेविकॉल या बाबतीत कमी पडतो. तो सुकल्यावरही थोडा लवचीक राहतो. मेजाच्या सांध्याला हे चालतं, उलट बरंच. हेडस्टॉकला नाही. त्यात आपला उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तो 60 च्याही पुढे सहज जातो. उष्णतेने हे सरकणं वाढतं. थंड हवेच्या गावात टिकलेला जोड इथे पहिल्याच उन्हाळ्यात रेघ उघडतो.

फेविक्विक आणि त्याच्या जातीचे गोंद काही सेकंदांत धरतात, आणि तोच त्यांचा दोष. एवढी मोठी तिरपी फट नीट बसवायला, पिळायला, पुसायला वेळ लागतो. तुकडा अर्धा मिलिमीटर सरकून बसला की तिथेच अडकतो. सुकल्यावर हा गोंद कडक आणि ठिसूळ, झटका लागला की पुन्हा सुटतो. आणि सुटताना लाकडाच्या छिद्रांत काचेसारखा थर सोडून जातो, त्यामुळे नंतर लावलेला चांगला गोंदही लाकडापर्यंत पोचत नाही. तो काढायला अ‍ॅसिटोन लागतं, आणि अ‍ॅसिटोन पॉलिश खातं. हा गोंद कारागीरही वापरतात, पण पॉलिशमधले टवके भरायला.

ताज्या, स्वच्छ मोडीसाठी माझी पसंती पिवळ्या लाकडी गोंदाला, टाइटबॉन्ड ओरिजिनल किंवा त्या प्रकारचा दुसरा. सुकल्यावर तो कडक होतो, पांढऱ्यापेक्षा खूप कमी सरकतो, आणि घट्ट मिटलेल्या सांध्यात लाकडापेक्षाही मजबूत पकडतो. पण मधली पोकळी भरून काढणं त्याला जमत नाही. लाकूड लाकडाला भिडलेलं हवं.

जुने सुतार आणि वाद्यकारागीर सरस वापरत, जनावरांच्या कातड्यापासून केलेला. तो जवळजवळ सरकतच नाही, आणि पुढे कधी सांधा उघडायचा झाला तर ऊब आणि ओल देऊन उघडता येतो. वाद्यासाठी हा फार मोठा गुण. मात्र तो 60 अंशांच्या आसपास गरम करून लावावा लागतो आणि थंड होताच घट्ट होतो, तेव्हा हात तयार हवा.

अ‍ॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी कधी? लाकडाचे तुकडे हरवले असतील, किंवा आधीचा गोंद पूर्ण निघत नसेल तेव्हा. तो पोकळी भरतो. सावकाश सुकणाराच घ्या, पाच मिनिटांतला नको. आणि हे लक्षात ठेवा की एकदा तो लावला की पुढच्या कारागिरासाठी रस्ता जवळपास बंद होतो.

आधी पांढरा फेविकॉल लावलेला असेल तर कोमट पाणी आणि व्हिनेगर लावून मऊ ब्रशने तो पुष्कळसा काढता येतो. वेळखाऊ आहे, पण केल्याशिवाय नवा गोंद लावण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष जोडताना

गोंदाला हात लावण्याआधी संपूर्ण जोडणी कोरडी करून पाहायची, शिकंजे (क्लॅम्प) लावून, पूर्ण कसून. हेडस्टॉक कललेला असल्याने साधा सी-क्लॅम्प लावला की तो घसरतो आणि तुकड्यालाही सोबत नेतो. म्हणून मागच्या गोलाईला आणि पुढच्या उताराला बसतील असे लाकडी ठोकळे आधी घडवावे लागतात. आतून कॉर्क किंवा रबर, आणि गोंद चिकटू नये म्हणून मधे प्लॅस्टिक. लहान फटीसाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या तरी दाब फार समान बसतो. ही युक्ती स्वस्त आहे म्हणून कमी लेखू नये.

ट्रस रॉडचं झाकण काढून रॉडच्या आट्यांना मेण लावायचं, नाहीतर गोंद आत जाऊन सळई कायमची जाम होते. मग फट किंचित उघडून गोंद तळापर्यंत पोचवायचा: पातळ पात्याने, सुई काढलेल्या किंवा जाड सुईच्या सिरिंजने, बोटाने मागून दाबत. वरवर लावलेला गोंद दिसायला भरपूर वाटतो, आणि आतला भाग कोरडाच राहतो. दोन्ही बाजूंनी सबंध फटीतून गोंदाचे बारीक थेंब बाहेर आले की तो सगळीकडे पोचला समजा. ओल्या फडक्याने लगेच पुसा.

पिवळा गोंद उघड्यावर पाचेक मिनिटंच काम करू देतो. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी त्याहूनही कमी, म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावं. पावसाळ्यात उलट, हवा दमट, गोंद सावकाश सुकतो, शिकंजे जास्त वेळ ठेवावे लागतात. गोंद कंपनी चोवीस तास म्हणते तेव्हा त्याआधी ताण देऊ नका. मी त्यावर आणखी एक-दोन दिवस थांबतो, आणि पावसाळ्यात त्याहून थोडं अधिक.

आधार द्यायचा की नाही

लांब, स्वच्छ, पहिल्यांदाच झालेली मोड नुसत्या गोंदावर राहते. आखूड मोड, दुसऱ्यांदा सुटलेली मोड किंवा लाकूड हरवलेली मोड असेल तर आधार लागतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मागच्या बाजूने, ट्रस रॉडच्या दोन्ही अंगांना, फट ओलांडून जाणाऱ्या दोन लांब खाचा पाडायच्या आणि त्यांत लाकडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. या पट्ट्यांचे तंतू लांबीने धावतात, म्हणजे जिथे मूळ लाकडात सलग तंतू नव्हते तिथे ते आता येतात. दुसरा मार्ग, हेडस्टॉकच्या पाठीवरून दोन-तीन मिलिमीटर लाकूड रंधून काढून तिथे नवा पातळ थर बसवायचा. तो पूर्ण मोड झाकतो, पण मागचं पॉलिश आणि शिक्के जातात.

पट्टीसाठी लाकूड महोगनी किंवा मॅपलचं घ्या. लकडगंजात विचारलं तर पहिलं उत्तर सागवान असतं, आणि आलापल्ली-बल्लारशाहच्या सागवानाबद्दल विदर्भातल्या माणसाला अभिमान असावा असंच ते लाकूड आहे. पण सागात नैसर्गिक तेल असतं. दारं-खिडक्या त्यामुळेच पिढ्यान् पिढ्या टिकतात, आणि गोंद त्यामुळेच नीट धरत नाही. या एका कामासाठी साग नको.

स्क्रू आणि खिळे अजिबात नकोत. आखूड तंतूंत स्क्रू पाचरीसारखा काम करतो, लाकूड आणखी फोडतो, आणि पुढच्या दुरुस्तीत पटाशी-करवतीच्या वाटेत येतो. गोल लाकडी खुंट्या मारणंही फारसं उपयोगी नाही, कारण त्यांचा बराचसा भाग तंतूंच्या टोकांवरच चिकटतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात. जोडाची बारीक रेघ दिसत राहील, आणि ती दिसते म्हणून दुरुस्ती कच्ची ठरत नाही. रंग देऊन ती लपवण्याचं काम वेगळं, खर्चही वेगळा. फर्निचर पॉलिशवाले वापरतात तीच एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर इथे चालते, फक्त भर पावसाळ्यात फवारू नका. लॅकरमधला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ पांढरं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये जोड पक्का करून घ्या, वाजवा, आणि पॉलिश दसऱ्यानंतर करा.

तारा चढवताना आणि नंतर

पहिल्या दिवशी एक-दोन सूर खाली ताणून ठेवा, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुरात आणा. आठवडाभराने टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून मागची रेघ पाहा आणि नख फिरवा. नख अडत नसेल तर जोड बसला आहे. पहिला उन्हाळा गेल्यावर पुन्हा एकदा असंच पाहा. कूलर सुरू असलेल्या खोलीत गिटार कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. दिवसभर ओल आणि रात्री बंद केल्यावर कोरडेपणा, यात लाकूड फुगत-आकसत राहतं आणि नेक, सांधे, पॉलिश सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

गिटार पुण्या-मुंबईला पाठवायची असेल किंवा रेल्वेने न्यायची असेल, तर तारा सैल करा. केसमध्ये नेकखाली आधार द्या, आणि हेडस्टॉकच्या मागे, पुढे आणि टोकाला कापड असं भरा की तो हलणार नाही, पण केसच्या भिंतीला टेकणारही नाही. पातळ गिग बॅगमध्ये घालून ऑटोत मागे उभी ठेवणं टाळा. एका खड्ड्यात ती मागे आपटते आणि झटका थेट नटमागे येतो.

प्लायवूडच्या अगदी स्वस्त गिटारीच्या बाबतीत हिशेब आधी करा. खाचा, पट्ट्या, पॉलिश असं सगळं करायचं तर खर्च नव्या गिटारीएवढा होऊ शकतो. मात्र मोड लांब आणि स्वच्छ असेल, आत काही ओतलेलं नसेल, तर नुसता चांगला गोंद आणि नीट दाब एवढ्यावर तीही वाचते, आणि अशी गिटार फेकून देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

रेघेवर नख अडू लागलं, किंवा एखाद्या आठवड्यात सगळ्याच तारा विनाकारण सुरातून खाली उतरलेल्या दिसल्या, तर जोड सरकतो आहे असं समजा. त्याच दिवशी तारा ढिल्या करा आणि गिटार परत कारागिराकडे न्या.